गोष्ट राहिली, गृहीतक गेले

चिनी लेखक लिउ त्सिशिन यांच्या 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' या कादंबरीवर सव्वा वर्षाच्या आत दोन मालिका आल्या. जानेवारी २०२३मध्ये चीनच्या टेन्सेंटने तीस भागांची आणली, मार्च २०२४मध्ये नेटफ्लिक्सने आठ भागांची. टेन्सेंटची मालिका पाहताना कादंबरी मांडीवर उघडून ठेवावी, इतकी ती पुस्तकाच्या ओळीने जाते. नॅनोपदार्थांवर काम करणारा वांग म्याओ, त्याच्याशी जोडला गेलेला रांगडा पण चलाख पोलीस अधिकारी, डोळ्यांसमोर दिसू लागणारी उलटी मोजणी, शास्त्रज्ञांच्या आत्महत्या, तीन सूर्यांच्या जगाचा तो विचित्र संगणकीय खेळ, सगळे जागच्या जागी आहे. नेटफ्लिक्सने कादंबरीची घडीच मोडली. वांग म्याओ नाहीसा झाला, त्याच्या वाट्याचे प्रसंग ऑक्सफर्डमध्ये एकत्र शिकलेल्या पाच मित्रमैत्रिणींत वाटले गेले आणि कथेचा वर्तमानकाळ चीनमधून उठून लंडनला आला. मूळ पुस्तकाशी यांतले कोण प्रामाणिक राहिले, असे विचारले तर बहुतेक वाचक विचार न करता टेन्सेंटकडे बोट दाखवतील. ते उत्तर अर्धेच बरोबर आहे, आणि उरलेले अर्धे कुठे चुकते ते पाहण्यासारखे आहे.

या कादंबरीचा डोलारा एका निर्णयावर उभा आहे. ये वेनजिए ही खगोलभौतिकीची अभ्यासक एका गुप्त लष्करी तळावर काम करत असताना तिला परग्रहावरून आलेला संदेश सापडतो. पाठवणाऱ्याने बजावलेले असते, की उत्तर देऊ नका. दिलेत तर तुमचे ठिकाण कळेल आणि तुमचे जग जिंकून घेतले जाईल. तरीही ती उत्तर देते. एक बुद्धिमान बाई जाणूनबुजून सगळ्या मानवजातीला संकटात का लोटते? कारण सांस्कृतिक क्रांतीच्या काळात तिने आपल्या प्राध्यापक वडिलांना भर सभेत लाल रक्षकांच्या मारहाणीत मरताना पाहिले आहे, आईला त्याच सभेत त्यांच्याविरुद्ध बोलताना ऐकले आहे, आणि ज्या पत्रकारावर भरवसा ठेवला त्याने तिलाच गुन्ह्यात अडकवले आहे. माणूस स्वतःच्या बळावर सुधारणार नाही, बाहेरून कुणीतरी यायला हवे, हा तिचा निष्कर्ष तिथून आला. चिनी पुस्तकात हा भाग मध्यावर होता. केन लिउ यांनी इंग्रजी अनुवाद करताना लेखकाच्या संमतीने तो सुरुवातीला आणला. लेखकालाही मुळात तो तिथेच हवा होता. टेन्सेंटच्या मालिकेत नेमका हा भाग पुसट झाला. हिंसा आडून सुचवलेली, वडिलांचा मृत्यू जवळजवळ उल्लेखापुरता. आजच्या चीनमध्ये याहून वेगळे काही होणे अवघड होते, हेही खरेच. नेटफ्लिक्सची मालिका मात्र त्या सभेपासूनच सुरू होते. म्हणजे एकाने प्रसंग राखले आणि त्यांचे कारण सोडले. दुसऱ्याने प्रसंग उधळले आणि कारण राखले.

विज्ञानकादंबरीच्या बाबतीत निष्ठेचे मोजमाप करताना हा फरक सर्वांत महत्त्वाचा आहे. इतर कादंबऱ्यांत पात्रे, वातावरण, भाषा हेच सर्वस्व असू शकते. विज्ञानकादंबरीत या सगळ्यांखाली एक गृहीतक असते: समजा, असे असे झाले तर? त्या 'समजा'पासून लेखक एकेक पायरी उतरत जातो. असे झाले तर तसे होईल, तसे झाले तर माणसे अशी वागतील, आणि मग शेवटी हे अटळ आहे. वाचकाला मिळणारा आनंद बराचसा या अटळपणाचा असतो. तेव्हा पडद्यावर ही साखळी शाबूत पोचली का, हा पहिला प्रश्न. नायकाचे नाव, शहर, प्रसंगांचा क्रम, शेवटची लढाई हे सगळे नंतरचे. मराठी प्रेक्षकाला हे मुद्दाम पटवून द्यायला नको. शॉच्या नाटकावरून केलेली 'ती फुलराणी' पाहताना पुलंनी त्याचे लंडन कुठे ठेवले, असे कुणी विचारत नाही. बोलीवरून माणसाची पायरी ठरते, हे शॉचे म्हणणे तिथे पुरेपूर उतरले आहे एवढे बस होते. विज्ञानकथांना मात्र आपण वेगळा न्याय लावतो आणि यंत्रे, गणवेश, परग्रहवासीयांचे हातपाय मोजत बसतो.

एकाच पुस्तकावरून झालेले अनेक चित्रपट शेजारी ठेवले की ही कसोटी नीट लावता येते. रिचर्ड मॅथेसनची 'आय ॲम लेजंड' ही १९५४ची कादंबरी त्यासाठी फार सोयीची आहे, कारण ती तीनदा पडद्यावर आली आणि तिन्ही वेळा एकाच जागी अडखळली. लॉस एंजेलिसमध्ये रॉबर्ट नेव्हिल नावाचा साधा माणूस एका साथीतून एकटा वाचला आहे. बाकीचे रक्तपिपासू झाले आहेत. रात्री ते त्याच्या घराभोवती जमतात, शेजारी राहणारा जुना मित्र बाहेर ये म्हणून हाका मारतो. दिवसा नेव्हिल रस्तोरस्ती हिंडून झोपलेल्या रक्तपिपासूंच्या छातीत खुंट्या ठोकतो. मॅथेसनची खरी करामत अशी, की त्याने लोककथेतल्या पिशाच्चाला जीवाणूच्या संसर्गाचे स्पष्टीकरण दिले. नेव्हिल सूक्ष्मदर्शक मिळवतो, पुस्तके वाचून शिकतो आणि लसणाची बाधा, उन्हाचे भय, आरशाचा तिटकारा यांतले शारीरिक काय आणि मानसिक काय हे निवडत जातो. क्रूसाला भिणारे पूर्वीचे ख्रिस्ती असतात, असे त्याला आढळते; त्या ज्यू शेजाऱ्यावर क्रूस चालत नाही, तोराह चालतो. ही सगळी चौकशी ज्या जागी पोचते ती जागा भयंकर आहे. संसर्ग झालेल्यांत दोन प्रकार आहेत, मेलेले आणि जिवंत. जिवंतांनी रोग आटोक्यात ठेवणारे औषध शोधले आहे आणि ते नवा समाज उभारत आहेत. नेव्हिल रोज दिवसा ज्यांना मारत आला त्यांत हेही होते. त्यांच्या दृष्टीने तो उजेडात येऊन झोपलेल्यांचा जीव घेणारा राक्षस आहे. पकडला गेल्यावर, मरणाच्या दारात, त्याला ते कळते: जुन्या जगात पिशाच्च ही दंतकथा होती, नव्या जगात आपण ती आहोत. कादंबरीचे नाव तिथे उलगडते.

आता चित्रपट पाहा. १९६४च्या 'द लास्ट मॅन ऑन अर्थ'ची पटकथा मूळ मॅथेसनचीच होती. तिचे पुढे जे झाले ते न रुचल्याने त्याने श्रेयनामावलीत लोगन स्वॉन्सन हे टोपणनाव दिले. गंमत म्हणजे तिघांत तोच पुस्तकाच्या सर्वांत जवळ आहे. त्यात नवा समाज आहे, दिवसा चालणाऱ्या कत्तलीचा आरोपही आहे. पण शेवटी चर्चमध्ये भाल्याने मरणारा नायक मारेकऱ्यांनाच विकृत म्हणतो आणि स्वतःला शेवटचा माणूस. कळायला हवे होते ते त्याला कळतच नाही. १९७१च्या 'द ओमेगा मॅन'मध्ये चार्ल्टन हेस्टन बंदुका घेऊन फिरतो, रक्तपिपासूंच्या जागी उजेड न सोसणारा, यंत्रयुगावर सूड उगवणारा एक पंथ आहे, आणि नायक आपल्या रक्तातून केलेली लस मागे ठेवून क्रूसावर दिल्यासारखा हात पसरून मरतो. आरोपी होता, त्याचा तारणहार झाला. २००७च्या चित्रपटाने मूळ नाव परत घेतले, विल स्मिथ घेतला, ओस पडलेले न्यूयॉर्क फार सुंदर उभे केले, आणि शेवटी नायकाने इतरांचा जीव व औषध वाचवण्यासाठी स्वतःला उडवून दिले. नाव तेच, अर्थ बरोबर उलटा: इथे दंतकथा म्हणजे ज्याचे गुण गायचे असा वीर. याच चित्रपटाचा आधी चित्रित केलेला दुसरा शेवट उपलब्ध आहे. त्यात रोग्यांचा म्होरक्या प्रयोगशाळेवर चालून येतो तो नायकाने पकडून ठेवलेल्या आपल्या जोडीदारिणीला सोडवायला. नायकाला ते उमगते, तो तिला परत देतो, आणि भिंतीवर लावलेले प्रयोगात मेलेल्यांचे फोटो त्याच्याकडे पाहत राहतात. पुस्तकातला एकही प्रसंग या शेवटात नाही, तरी तिन्ही चित्रपटांत मॅथेसनच्या सर्वांत जवळ जाणारी मिनिटे हीच. चाचणी-खेळाच्या प्रेक्षकांना ती आवडली नाहीत म्हणून बदलली गेली.

साखळीतला एखादाच दुवा निसटला तरी किती बिघडते, याचे चिमुकले उदाहरण 'ज्युरासिक पार्क'मध्ये आहे. मायकेल क्रायटनच्या १९९०च्या कादंबरीत संगणक उद्यानातले प्राणी मोजतो आणि दर वेळी २३८ हा अपेक्षित आकडा बरोबर येतो. मग कुणीतरी सुचवते की त्याला जास्त प्राणी शोधायला सांगा, आणि आकडा २९२वर जातो. अपेक्षित संख्या भरली की मोजणे थांबवायचे, अशी आज्ञावली होती! प्राणी हरवतील ही भीती होती, वाढतील ही कल्पनाच नव्हती. नियंत्रणाचा भ्रम कसा तयार होतो यावर क्रायटनने लिहिलेल्या लांबलचक भाषणांपेक्षा हे एक पान जास्त सांगते. स्पीलबर्गच्या १९९३च्या चित्रपटात त्याऐवजी जंगलात उबून फुटलेली अंडी सापडतात. दृश्य म्हणून ते छानच. पण प्राण्यांनी माणसावर मात केली एवढेच त्यातून कळते. माणसाने आपल्या मोजमापानेच स्वतःला आंधळे केले होते, हे कळत नाही. अँडी वीअर यांच्या 'द मार्शियन'वरचा २०१५चा चित्रपट तर आदर्श रूपांतर म्हणून सांगितला जातो, आणि बराचसा तो आहेही. मंगळावरचे वातावरण पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही विरळ असल्याने सुरुवातीचे ते विध्वंसक वादळ अशक्य आहे, ही लेखकाने स्वतः कबूल केलेली चूकसुद्धा चित्रपटाने इमानाने उचलली. पण शेवटी नायक हातमोज्याला भोक पाडून निसटत्या हवेच्या जोरावर अंतराळात उडतो. पुस्तकात हा विचार त्याच्या डोक्यात येतो आणि तिथेच धुडकावला जातो, कारण त्या पुस्तकात कोणताही जुगाड हिशोबात बसल्याशिवाय चालत नाही. चित्रपटाने पुस्तकातला विनोद खरा करून दाखवला.

इथे पहिला आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. साखळी विचारांत असते आणि विचार पडद्यावर दिसत नाहीत. चित्रपटाला चेहरा, हालचाल, आवाज एवढेच भांडवल, मग तर्काची अपेक्षा धरणे अन्याय नाही का? टेड चियांग यांची 'स्टोरी ऑफ युवर लाइफ' ही १९९८ची दीर्घकथा या आक्षेपाची खरी परीक्षा घेते, कारण ती चित्रित होण्याजोगी नाही असेच कुणालाही वाटले असते. परग्रहवासीयांची लिपी शिकता शिकता लुईझ या भाषाशास्त्रज्ञ बाईला काळ एकदम, सगळाच्या सगळा दिसू लागतो. कथेच्या मुळाशी भौतिकीतले फर्माचे तत्त्व आहे. हवेतून पाण्यात शिरणारा प्रकाशकिरण कमीत कमी वेळाचा मार्ग घेतो. जणू कुठे पोचायचे हे निघतानाच त्याला ठाऊक असते. लुईझ आपल्या मुलीशी बोलते ती अशा भाषेत, की आठवण आणि भविष्य एकाच वाक्यात नांदतात. सारा परिणाम क्रियापदांच्या काळांवर पेललेला आहे. कॅमेऱ्याला क्रियापद नसते. २०१६च्या 'अरायव्हल'मध्ये पटकथाकार एरिक हाइसरर आणि दिग्दर्शक दनी व्हिलनव्ह यांनी काय केले? चित्रपटाच्या आरंभीच आई, मुलगी आणि मुलीचा मृत्यू दाखवला. शेकडो चित्रपट पाहून मुरलेला प्रेक्षक तो भूतकाळ समजतो. पुढे कळते की ते सगळे अजून घडायचे आहे. लुईझच्या मनात काळ जसा उलटापालटा होतो तसा तो प्रेक्षकाच्याही मनात होतो. कथेतली मुलगी पंचविशीत गिर्यारोहण करताना जाते, चित्रपटातली कोवळ्या वयात आजाराने. फर्माचा तर पत्ताच नाही. तरी गाभा पोचला.

अर्थात पूर्ण पोचला असे नाही. पडद्यावर ताण हवा म्हणून बारा याने, चीनचा सेनापती, युद्धाचा धोका हे सगळे आले, आणि लुईझ भविष्यात कळलेला दूरध्वनी क्रमांक वर्तमानात वापरून ते युद्ध टाळते. चियांग यांच्या कथेत भविष्य माहीत असण्याचा असा काही उपयोग नसतो. ते माहीत असणे म्हणजे ठरलेले बोल ठरल्या वेळी स्वखुशीने बोलणे, एवढेच. भविष्याची मदत घेता आली की ते हत्यार होते आणि कथेतला तो विलक्षण स्वीकार हलका पडतो. म्हणजे 'अरायव्हल'ने सर्वांत अवघड दुवा जपला आणि सोपा सोडला. माध्यमाच्या मर्यादेचे कारण या दुसऱ्या गोष्टीला देता येणार नाही. तिथे निर्णय गल्ल्याचा होता, किंवा निदान शेवट कळसाला नेण्याच्या सवयीचा.

दुसरा आक्षेप लेखकाच्या अधिकाराचा. ज्याचे पुस्तक त्याला पटले तर निष्ठा, नाही तर नाही, असे सरळ का म्हणू नये? पण लेखक हा फार डळमळीत साक्षीदार आहे. आर्थर क्लार्कची '२००१' ही कादंबरी आणि कुब्रिकचा चित्रपट १९६८मध्ये जोडीने घडले. पुस्तकातले यान शनीपर्यंत जाते, चित्रपटातले गुरूपर्यंत, कारण शनीची कडी पडद्यावर खरी वाटतील अशी करता आली नाहीत. पुढे १९८२मध्ये '२०१०' हा दुसरा भाग लिहिताना क्लार्कने स्वतःचे पुस्तक बाजूला ठेवून चित्रपटातला गुरू धरला. इथे कोण कुणाशी एकनिष्ठ राहिले? स्ट्रुगात्स्की बंधूंनी तर आपल्या 'रोडसाइड पिकनिक'ची तारकॉव्हस्कीच्या 'स्टॉकर'साठी पटकथा स्वतःच पुन्हापुन्हा लिहिली, आणि शेवटी १९७९च्या त्या चित्रपटात कादंबरीच्या नावामागची कल्पनाच उरली नाही. परके कुणी आले, वाटेत सहल करून गेले, आपला कचरा टाकून गेले आणि माणूस रानातल्या किड्यामुंग्यांसारखा त्या कचऱ्याभोवती फिरतो आहे, ही मानवी अहंकाराला लागणारी थप्पड गाळून तिथे श्रद्धेचा शोध आला. लेखकांची सही आहे म्हणून हा बदल लहान होत नाही. आणि स्तानिस्लाव लेम या पोलिश लेखकाचे उदाहरण नेमके उलट आहे. त्याची 'सोलारिस' (१९६१) तारकॉव्हस्कीने १९७२मध्ये पडद्यावर आणली. लेम मॉस्कोत जाऊन त्याच्याशी भांडला, आणि याने माझे पुस्तक सोडून दोस्तोएव्हस्कीचे 'गुन्हा आणि शिक्षा' काढले आहे अशा अर्थाचे तो पुढे आयुष्यभर म्हणत राहिला.

लेमचा राग मला लेखकी तोऱ्यापेक्षा जास्त काही वाटतो, कारण त्याच्या तक्रारीत साखळीचाच मुद्दा आहे. सोलारिस या ग्रहाला वेढून असलेला महासागर सजीव आहे, कदाचित बुद्धिमान आहे, आणि शंभराहून अधिक वर्षे माणसे त्याचा अभ्यास करत आहेत. कादंबरीतली पानेच्या पाने या अभ्यासाच्या इतिहासाला दिली आहेत: वर्गीकरणे, पंथोपपंथ, गाजलेले आणि मग गाडले गेलेले सिद्धान्त. कथा वाचायला बसलेल्याला ती पाने कंटाळवाणी वाटतात, आणि तरीही तीच कादंबरीचा कणा आहेत. इतके ज्ञान साठले आणि कळले काहीच नाही. महासागर अंतराळस्थानकावरच्या माणसांकडे त्यांच्याच स्मृतीतून घडवलेले 'पाहुणे' पाठवतो, नायक केल्व्हिनकडे त्याची मेलेली बायको येते. ही शिक्षा, भेट की नुसता प्रतिसाद, हे शेवटपर्यंत कळत नाही; कळणे शक्य नाही हेच लेमचे गृहीतक. तारकॉव्हस्कीने सुरुवातीला पृथ्वीवरचे घर, वडील, तळे, पाऊस यांचा मोठा भाग स्वतःचा घातला. शेवटी केल्व्हिन घरी येऊन वडिलांच्या पायाशी बसतो, कॅमेरा वर जातो आणि ते घर महासागरातले एक बेट असल्याचे दिसते. चित्रपटाच्या इतिहासातल्या थोर शेवटांपैकी हा एक आहे. पण त्याचा अर्थ असा होतो की महासागराला माणसाचे अंतःकरण वाचता आले, त्याला काय हवे ते समजले. लेमच्या जगात जे अशक्य, ते इथे घडून गेले.

मग यावरून तिसरा आक्षेप आपोआप निघतो: इतका थोर चित्रपट जर अप्रामाणिक ठरत असेल तर या कसोटीचा उपयोग काय? उपयोग एवढाच, की ती गुणवत्तेची कसोटी नाही. निष्ठा आणि थोरवी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. एकीच्या नावावर दुसरी खपवली की गोंधळ होतो. 'ब्लेड रनर' (१९८२) घ्या. फिलिप के. डिकच्या १९६८च्या कादंबरीत कृत्रिम माणसे ही सहवेदना नसलेली असतात. त्यांतली एक कोळ्याचे पाय एकेक करून कापते, किती पायांवर तो चालतो ते पाहायला. नाझी अधिकाऱ्यांच्या नोंदी वाचताना आलेल्या शिसारीतून डिकला ही कल्पना सुचली होती. चित्रपटात असाच एक कृत्रिम माणूस शेवटी आपल्या मारेकऱ्याचा जीव वाचवतो. चिन्ह उलटले. पण समीकरण तेच राहिले: माणूस कुणाला म्हणायचे ते सहवेदनेवरून ठरवा. कादंबरीतली विजेची मेंढी, नायकाची बायको, एक नवा धर्म हे सगळे गाळूनही हा प्रश्न चित्रपटाने सोडला नाही. म्हणून कथानकाच्या हिशेबात 'ब्लेड रनर' हा पुस्तकापासून 'सोलारिस'पेक्षा कितीतरी दूर असला तरी गृहीतकाच्या हिशेबात जवळ आहे. डिक चित्रपट प्रदर्शित होण्याआधी जवळजवळ चार महिने वारला, पण त्यापूर्वी सुधारलेली पटकथा आणि काही दृश्ये पाहून तो खूश झाला होता.

यावर कुणी म्हणेल, चिन्ह उलटले तरी चालते म्हटल्यावर ही कसोटी रबरासारखी ताणता येईल. तेवढी ती ताणली जात नाही. पॉल व्हरहोव्हनच्या 'स्टारशिप ट्रूपर्स' (१९९७) या चित्रपटाला मी तिच्या आत बसवणार नाही. रॉबर्ट हाइनलाइनने १९५९मध्ये, नागरिकत्व सेवेने कमवावे लागले तर समाज कसा असेल, हे गंभीरपणे मांडले होते. नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये लहानपण गेलेल्या व्हरहोव्हनला ते पुस्तक काही प्रकरणांपुढे वाचवले नाही, आणि त्याने त्याची टर उडवणारा चित्रपट काढला. तो चित्रपट मला आवडतो. पण गृहीतक तपासणे वेगळे आणि त्याची थट्टा करणे वेगळे. थट्टेत पायऱ्या उतरायची गरज नसते, निष्कर्ष आधीच ठरलेला असतो. वेल्सच्या 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स'चे १९५३मध्ये झाले ते याहून कपटी. १८९८च्या त्या कादंबरीत पहिल्याच प्रकरणात वेल्स वाचकाला आठवण करून देतो की युरोपीय वसाहतवाल्यांनी टास्मानियाच्या लोकांचे काय केले. मंगळवासी इंग्लंडशी तसेच वागत आहेत, तक्रार कसली करता? ज्यांच्यावर इंग्रजांनी राज्य केले त्या आपल्यासारख्या वाचकांना तर हा टोला चटकन कळतो. हॉलिवूडने कथा कॅलिफोर्नियात नेली, अणुबाँब टाकला, आणि पुस्तकातल्या भेकड पाद्र्याच्या जागी एक धीरोदात्त पाद्री आणून शेवटी लोकांना चर्चमध्ये प्रार्थना करायला बसवले. जंतूंनी मंगळवासी मरतात हा शेवट जसाच्या तसा आहे, तरी आरोपपत्र गेले.

फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून'पाशी (१९६५) या सगळ्याची कसोटी एकत्र लागते. डेव्हिड लिंचचा १९८४चा चित्रपट पुस्तकातली वाक्ये इतक्या जिव्हाळ्याने जपतो, की पात्रांच्या मनातले विचारही कुजबुजत्या आवाजात ऐकवतो. आणि मग शेवटच्या मिनिटाला त्या वाळवंटी ग्रहावर नायक पॉलच्या चमत्काराने पाऊस पडतो! हर्बर्टच्या ग्रहावर पाणी म्हणजे वाळूतल्या महाकाय किड्यांचे विष. किडे मेले तर त्यांच्यापासून मिळणारा मसाला नावाचा पदार्थ संपला. मसाला संपला तर ताऱ्यांमधला प्रवास थांबला. प्रवास थांबला तर साम्राज्य उरले नाही. अख्खी कादंबरी या चार दुव्यांवर टांगलेली, आणि त्या पावसाने पहिलाच तोडला. शिवाय ज्याला हर्बर्ट धोका म्हणून दाखवत होता तो मसीहा इथे खराखुरा देव ठरला. खरे तर पुस्तकाच्या वाचकांनीही पॉलला नायकच मानले होते. त्या गैरसमजाचे उत्तर हर्बर्टने १९६९च्या 'ड्यून मसाया'त दिले.

व्हिलनव्ह यांनी २०२१ आणि २०२४च्या दोन भागांत हे आधीच ओळखून पावले टाकली. पुस्तकातली चानी पॉलची भक्त सहचरी आहे. चित्रपटातली चानी भविष्यवाणीवर विश्वास ठेवत नाही, तिला ते बाहेरच्यांनी पेरलेले जाळे वाटते, आणि शेवटी सारे गुडघे टेकतात तेव्हा ती निघून जाते. पुस्तकात असे काही नाही. तरी हर्बर्टला जे म्हणायचे होते आणि पहिल्या पुस्तकात नीट म्हणता आले नव्हते, ते या एका बदलाने पहिल्याच खेपेला प्रेक्षकापर्यंत जाते. पुस्तकाविरुद्ध जाऊन लेखकाची बाजू घेणे ते हेच. पण या चित्रपटांनीही एक किंमत मोजली आहे. विचार करणाऱ्या यंत्रांवर त्या जगात फार पूर्वी बंदी आली, म्हणून गणिते करायला माणसे तयार करावी लागली आणि अंतराळयाने हाकायला मसाल्यावर वाढलेले नाविक लागले, हा कादंबरीतला दुवा दोन्ही भागांत जवळजवळ अदृश्य आहे. त्यामुळे पॉल मसाल्याची शेते नष्ट करण्याची धमकी देतो तेव्हा ती कुणाच्या वर्मी लागते ते समजत नाही. पुस्तकात त्या धमकीने नाविकसंघ घाबरतो, प्रवास बंद पडण्याच्या भीतीने पॉलची बाजू घेतो आणि सम्राट एकटा पडतो. चित्रपटात मोठी घराणी पॉलला सम्राट मानायला नकार देतात आणि पॉलचे सैन्य धर्मयुद्धासाठी यानांत चढते. ती याने कोण हाकतो आणि कुणाच्या परवानगीने, याचे उत्तर दुसरा भाग संपला तरी मिळालेले नाही.